दवाखान्यातला डॉक्टर, गावातला डॉक्टर : नेगेवमधील बेदुईन डॉक्टरांच्या आरोग्यसेवेचे परीक्षण

इस्रायलच्या दक्षिणेला असलेल्या नेगेव वाळवंटात सुमारे तीन लाख बेदुईन, म्हणजे मूळचे भटके पशुपालक, अरब राहतात आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण अठरा वर्षांखालील आहेत. त्यांना मिळणाऱ्या प्राथमिक आरोग्यसेवेतील एका भागाचे हे परीक्षण आहे. ज्या दवाखान्यांतील डॉक्टर स्वतः बेदुईन आहेत आणि रोगी तपासण्याबरोबरच गावाच्या सार्वजनिक आरोग्याची जबाबदारीही ज्यांच्याकडे, कोणी सोपविलेली नसतानाही, चालत आलेली आहे, अशा दवाखान्यांपुरतेच ते मर्यादित आहे. कामानिमित्त ‘राहत’ नावाचे शहर, हुरा आणि कुसेफे या बेदुईन नगरांत माझे जाणे-येणे राहिले आहे. तेथील दवाखान्यांची तुलना करून एकाला वर व दुसऱ्याला खाली बसविण्याचा हेतू नसल्यामुळे कोणत्याही दवाखान्याचे नाव मी घेतलेले नाही. प्रतीक्षागृहातील खुर्च्या, वातानुकूलन आणि रांगेची लांबी यांवरून सेवा जोखणे सोपे असते. मी मात्र दोन प्रश्न धरून चाललो. दवाखान्यात दिलेला सल्ला रोग्याच्या घरापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचला तर त्या घरात तो पाळता येण्यासारखा असतो का? पहिल्या प्रश्नाला ही सेवा फार चांगली उतरते. दुसऱ्या प्रश्नाशी ती पुन्हा पुन्हा अडते आणि अडण्याची कारणे बहुतेक वेळा दवाखान्याच्या भिंतींबाहेर असतात.

आधी व्यवस्थेची थोडी माहिती देणे आवश्यक आहे. १९९४ मध्ये संमत झालेला राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. तेव्हापासून प्रत्येक रहिवाशाला क्लालित, मकाबी, मेउहेदेत आणि लेउमित या चार आरोग्य-निधींपैकी एकाचे सदस्य व्हावे लागते. या निधीला तिकडे सगळे जण नुसते ‘कुपा’ म्हणतात. कायद्यापूर्वी पुष्कळ बेदुईन कुटुंबांना विमाच नव्हता. आता निधीला सदस्यांच्या संख्येनुसार सरकारी पैसा मिळत असल्याने मोठ्या कुटुंबांच्या या वस्त्यांकडे चारही निधींचे लक्ष गेले आणि सरकारने वसविलेल्या सातही बेदुईन नगरांत दवाखाने उभे राहिले. राहत हे त्यांतील सर्वांत मोठे. त्याला १९९४ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. या नगरांखेरीज पुढे मान्यता मिळालेली काही गावे आहेत, आणि मान्यताच न मिळालेली तीस-पस्तीस गावे आहेत, जिथे सरकारी वीजजोडणी नाही, घरोघर नळ नाही, पक्का रस्ता नाही आणि घराला पत्ताही नाही. एकच डॉक्टर सकाळी नगरातल्या दवाखान्यात बसतो आणि त्याच्यासमोर येणारे रोगी मात्र या दोन्ही प्रकारच्या वस्त्यांतून आलेले असतात, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे.

तपासणीच्या खोलीपासून सुरुवात करतो, कारण या सेवेचे खरे बळ तिथे दिसते. आरोग्ययंत्रणेचा बहुतेक लेखी व्यवहार हिब्रू भाषेत चालतो, तर पन्नाशी-साठीच्या पुढच्या पुष्कळ बेदुईन स्त्रियांना हिब्रू येत नाही आणि अनेकींना कोणतीच लिपी वाचता येत नाही. अरबी न येणाऱ्या डॉक्टरकडे अशी स्त्री गेली तर बहुधा शाळकरी मुलगा किंवा सून दुभाष्याचे काम करते. लघवीचा त्रास, मासिक पाळी, नवऱ्याची मारहाण किंवा रात्रभर न येणारी झोप यांतले काहीही मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगता येत नाही, म्हणून ती गुडघेदुखी सांगते आणि गुडघ्याची गोळी घेऊन परत येते. नेगेवमधील दिमोना आणि बीरशेवा या शहरांत स्थायिक झालेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांतील ज्या आजीबाईंनी आयुष्यभर मराठीच बोलली, त्यांच्या मुलांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बेदुईन डॉक्टर मात्र म्हातारीला ‘खालती’, म्हणजे मावशी, म्हणून खुर्ची पुढे करतो, आधी घरच्यांची चौकशी करतो, मुलाला औषधे आणण्याच्या निमित्ताने बाहेर पाठवितो आणि मग दार लोटून विचारतो. मी पाहिलेल्या डॉक्टरांपैकी जवळपास सर्वांची ही रीत होती. ती त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने शिकविलेली नाही.

वेळेच्या हिशेबाने पाहिले तर ही रीत महागात पडते. चौकशीचे हे दोन-तीन मिनिटांचे सौजन्य प्रत्येक रोग्यामागे वाढत जाते आणि दुपारपर्यंत प्रतीक्षागृह भरून वाहू लागते. ज्यांना ठरल्या मिनिटाला आत जाऊन लगेच बाहेर पडायचे आहे त्यांना हे दवाखाने आवडणार नाहीत. मला ही तक्रार गौण वाटते.

मधुमेहाच्या बाबतीत या सेवेचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. भटके पशुपालक जीवन चालू होते तोवर नेगेवच्या बेदुईनांमध्ये हा आजार दुर्मिळ होता. नगरांतील बैठी नोकरी, मैद्याची पोळी, बाटलीबंद पेये आणि मोटारगाडी यांच्याबरोबर तो दोन पिढ्यांत घरोघर पोहोचला. इस्रायलमधील पहिले बेदुईन डॉक्टर युनिस अबू रबिया यांनी एका सहकाऱ्यासह २००२ मध्ये नेमक्या याच बदलाची वैद्यकीय नियतकालिकात नोंद केली होती. आहाराचे छापील पत्रक येथे निरुपयोगी ठरते, कारण त्यात लिहिलेले ‘साखर टाळा’ हे वाक्य पाहुणचाराच्या आड येते. मरमियाची पाने घातलेला, साखरेने दाट झालेला चहा नाकारणे म्हणजे यजमानाला नाकारणे होय. एका डॉक्टरने यावर काढलेला मार्ग मला पटला. रोग्याने घरोघरी नकार देत बसण्यापेक्षा ज्या मोठ्या घरांच्या शिगमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या तंबूत, गाव जमते, तिथे तो स्वतः जाऊन बसला आणि यजमानाकडूनच बिनसाखरेची दुसरी किटली ठेवण्याची प्रथा सुरू करून घेतली. यजमानानेच दोन्ही किटल्या पुढे केल्यावर बिनसाखरेचा पेला घेण्यात कोणाचा अवमान राहत नाही. बाहेरून आलेल्या आहारतज्ज्ञाला त्या तंबूत मानाने बसविले असते आणि चहाही गोडच दिला असता.

रमजानच्या आधीचे काही आठवडे या दवाखान्यांत विशेष गर्दी असते व ती गर्दी चांगली आहे. आजाऱ्याला उपवासातून सूट आहे हे धर्मशास्त्र सर्वांना ठाऊक असले तरी ती सूट घेणे पुष्कळ वृद्धांना कमीपणाचे वाटते आणि ते डॉक्टरला न सांगता रोजा धरतात. सकाळची गोळी सकाळीच घेतात आणि दुपारी साखर उतरून कोसळतात. म्हणून डॉक्टर आधीच बोलावून गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरीकडे सरकवितो, साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्यांची मात्रा कमी करतो किंवा औषध बदलतो, बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही हे इमामाच्या तोंडून सांगवितो, आणि साखर सत्तरच्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा असे वचन घेतो. हे सर्व आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहेच. फरक इतकाच की सूचना देणारा स्वतः रोजा धरून बसलेला असतो, त्यामुळे ‘याला उपवासाचे काय कळणार’ ही शंका मुळातच उद्भवत नाही.

लसीकरणात या डॉक्टरांची मोठी परीक्षा २०१३ मध्ये झाली. त्या वर्षी राहत आणि बीरशेवा येथील सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा जंगली विषाणू सापडला. एकही मूल लुळे पडलेले नव्हते. इस्रायलमध्ये २००५ पासून केवळ टोचायची लस दिली जात होती; ती मुलाला पक्षाघातापासून वाचविते, पण त्याच्या आतड्यांत विषाणू वाढण्याचे व मळावाटे पसरण्याचे थांबवीत नाही, आणि त्यामुळे विषाणू कोणालाही आजारी न पाडता घरोघर फिरत राहिला होता. ऑगस्टपासून दक्षिणेत आणि पाठोपाठ देशभर तोंडावाटे द्यायच्या थेंबांची मोहीम सुरू झाली. ज्या मुलाला आधीच टोचलेले आहे त्याला पुन्हा थेंब कशासाठी, हा आईबापांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मुलाच्या हिताचे नसून शेजाऱ्यांच्या हिताचे होते. तेल अवीवच्या मध्यमवर्गात या उत्तरावर बराच वाद झाला. बेदुईन वस्तीत एका अंगणाभोवती तीन पिढ्या व पंधरा-वीस मुले वावरतात, घरच्या आजीला आणि चुलतभावाच्या नवजात बाळाला जपण्यासाठी थेंब घ्यायचे हे तिथे सांगता येण्यासारखे होते, आणि सांगणारे डॉक्टर व परिचारिका त्याच अंगणांतले होते. माता-बाल केंद्रांनी, ज्यांना तिकडे ‘तिपात हलाव’ म्हणतात, अनेक वर्षे टिकवून ठेवलेली ओळख या वेळी कामी आली.

याच विश्वासाची मर्यादा कोविडने दाखविली. डिसेंबर २०२० मध्ये देशात लसीकरण सुरू झाले आणि इस्रायलचा वेग जगभर वाखाणला गेला, तरी बेदुईन वस्त्यांतील आकडे बराच काळ मागे राहिले. लस घेतल्याने वंध्यत्व येते ही अफवा तरुणांत पसरली होती. शिवाय पहिली मोठी केंद्रे दूर होती, नोंदणी फोनवरच्या ॲपमधून करावी लागत होती, आणि ज्या सरकारच्या गाड्या एरवी मान्यता नसलेल्या गावांतील घरे पाडण्यासाठी येतात त्याच सरकारकडून ही सुई येत होती. बेदुईन डॉक्टरांनी स्वतःच्या दंडात सुई टोचून घेतानाच्या चित्रफिती अरबीत प्रसृत केल्या, फिरती पथके वस्त्यांत नेली आणि आकडे हळूहळू वर आले. मुलांच्या लसीवरचा विश्वास जुना होता, मोठ्यांच्या लसीवरचा मात्र शून्यातून उभा करावा लागला. केवळ ‘आपला माणूस’ सांगतो आहे एवढ्याने काम भागत नाही. आपल्या माणसाला तयारीसाठी आधी वेळ आणि साधने द्यावी लागतात, हे त्या हिवाळ्यात नियोजनकर्त्यांच्या लक्षात उशिरा आले असे माझे मत आहे.

आता आनुवंशिक आजारांकडे वळतो, कारण या डॉक्टरांचे सर्वांत अवघड काम हेच आहे. नेगेवच्या बेदुईनांतील बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक राहिले आहे आणि त्यातील मोठा वाटा जन्मजात व्यंगांचा व आनुवंशिक विकारांचा आहे. चुलतभावंडांत किंवा एकाच कुळात लग्न करण्याची प्रथा अजून जोरात आहे. दोन्ही आईबापांकडून एकच दोषयुक्त जनुक मुलाकडे येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. बीरशेवा येथील सोरोका रुग्णालय आणि बेन-गुरियन विद्यापीठ यांतील संशोधकांनी, ज्यांत पुढे विद्यापीठाच्या अध्यक्ष झालेल्या रिव्का कार्मी यांचाही समावेश होता, यांतील अनेक विकारांची जनुके शोधली. बार्डे-बीडल लक्षणसमूह या दृष्टी, वजन व मूत्रपिंडांवर परिणाम करणाऱ्या विकाराच्या जनुकांची काही स्थाने तर नेगेवच्या बेदुईन कुटुंबांच्या अभ्यासातूनच जगाला कळले. वेदनेची जाणीवच नसलेला एक विकारही तिथे आढळतो; अशी मुले स्वतःची जीभ चावून फाडतात आणि मोडलेल्या हाडावर चालत राहतात. विज्ञानाला मिळालेले हे यश आणि घराला मिळालेला दिलासा यांत मोठे अंतर होते. ते भरून काढण्याचे काम बेदुईन डॉक्टरांकडे आले. डॉ. यास्मिन अबू फ्रेहा यांनी आनुवंशिक चाचण्यांच्या प्रसारासाठी उभारलेला उपक्रम याच प्रयत्नांतला.

वाहक-चाचणी, म्हणजे स्वतः निरोगी माणसाच्या अंगी दोषयुक्त जनुक आहे का हे पाहणारी तपासणी, सरकारकडून विनामूल्य मिळते आणि ती कोणत्या कुळात कोणता विकार आढळतो त्यानुसार ठरविली जाते. अडचण पैशाची नसून लौकिकाची आहे. एखादी मुलगी वाहक आहे हे कळले तर तिच्या धाकट्या बहिणींच्या सोयरिकींवरही परिणाम होतो, म्हणून आया चाचणीच नको म्हणतात. जो डॉक्टर ‘जवळच्या नात्यात लग्ने करू नका’ असे व्याख्यान देतो त्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकू नये असेच मला वाटते, कारण जमीन, संरक्षण आणि मुलीची सासरी होणारी देखभाल हे सगळे त्या नात्यात गुंतलेले असते. जाणते डॉक्टर वेगळे सांगतात: लग्न हवे तिथे करा, पण बोलणी पक्की होण्याआधी दोघांचे रक्त तपासा, दोघेही एकाच विकाराचे वाहक निघाले तर कुळातच दुसरा मुलगा असतो. प्रथा मोडायला न सांगता तिच्या आत जागा शोधण्याची ही दृष्टी बाहेरच्या तज्ज्ञाला सहसा सुचत नाही.

लग्न होऊन गेलेले असेल तर प्रश्न गर्भाच्या तपासणीचा येतो आणि तिथे दिवस मोजावे लागतात. गंभीर व्यंग असल्यास गर्भाला १२० दिवस पूर्ण होण्यापूर्वी गर्भपात करता येतो असे इस्लामी धर्मशास्त्राच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. प्रसूतिशास्त्राच्या गणनेत हे १२० दिवस एकोणिसाव्या आठवड्याच्या सुमारास संपतात, तर व्यंग शोधण्याची सविस्तर सोनोग्राफी पुष्कळदा विसाव्या आठवड्यानंतर केली जाते. म्हणजे कायद्याने, रुग्णालयाच्या समितीच्या संमतीने, जो मार्ग नंतरही उघडा असतो तो श्रद्धावान जोडप्यासाठी तोवर बंद झालेला असतो. म्हणूनच बेदुईन डॉक्टर गर्भारपणाची पहिली भेट लवकर व्हावी आणि लवकरची सोनोग्राफी चुकू नये यासाठी इतका आटापिटा करतात. हा हट्ट नुसता शिस्तीचा वाटला तर त्यामागचे गणित वाचकाने पुन्हा पाहावे.

स्त्री डॉक्टरांविषयी एक परिच्छेद तरी हवाच. डॉ. रानिया अल-ओक्बी या इस्रायलमधील पहिल्या बेदुईन स्त्री डॉक्टर. त्या बेन-गुरियन विद्यापीठातून शिकल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. त्यांच्यानंतर अनेक जणी आल्या असल्या तरी गावांतील गरजेच्या मानाने त्या अजून थोड्या आहेत. पुरुष डॉक्टरसमोर न उघडणाऱ्या गोष्टी त्यांच्यासमोर उघडतात हे तर झालेच. पण मला जाणवलेला परिणाम प्रतीक्षागृहातला आहे. तिथे बसलेली शाळकरी मुलगी पांढऱ्या डगल्यातल्या स्त्रीला आपल्याच बोलीत, आपल्याच आडनावाने वावरताना पाहते. तिच्यासोबत आलेला बापही पाहतो. बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली याचे श्रेय मात्र डॉक्टरांना, स्त्री असोत वा पुरुष, देता येणार नाही. प्रसूती-अनुदान रुग्णालयातील जन्माशी जोडलेले असल्याने तो बदल बेदुईन डॉक्टर अस्तित्वात येण्यापूर्वीच सुरू झालेला होता. न्याय्य परीक्षणात हेही नोंदविले पाहिजे.

लहान मुलांच्या अपघातांची गोष्ट थोडक्यात सांगतो. अंगणात मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीखाली मूल सापडणे, उघड्या शेगडीवरचे पाणी अंगावर सांडणे आणि विंचूदंश या तिन्ही गोष्टी येथे वारंवार घडतात. खेळायची जागा आणि गाडी उभी करायची जागा यांच्यामध्ये साधी जाळी घालावी असे जे डॉक्टर सांगतात त्यांनी ते अंगण पाहिलेले असते.

आता उणिवांकडे. पहिली उणीव गुपिताची आहे आणि ती या सेवेच्या गुणातूनच जन्मते. डॉक्टर नात्यातला, नोंदणीची कारकून त्याची आतेबहीण, औषधविक्रेता शेजारचा. नैराश्यावरची गोळी, संततिनियमनाचे साधन किंवा जखमेचे खरे कारण यांसाठी काही स्त्रिया मुद्दाम बीरशेवाला, कोणी ओळखत नसलेल्या डॉक्टरकडे जातात, आणि मग भाषेची अडचण पत्करतात. दोन कुळांत वैर पेटलेले असेल तर एका कुळातील रोगी दुसऱ्या कुळातील डॉक्टरकडे येणे बंद होते. याहून बिकट प्रसंग मुलांवरील अत्याचाराचा. १९८९ पासून अशा संशयाची माहिती देणे डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. बीरशेवाचा डॉक्टर अर्ज भरून संध्याकाळी आपल्या घरी जातो. बेदुईन डॉक्टरचे घर मात्र ज्याच्याविरुद्ध त्याने कळविले त्याच्याच गल्लीत असते. तक्रारदाराचे नाव दूर ठेवून हे काम निधीच्या प्रादेशिक कार्यालयातील समाजसेविकेमार्फत करण्याची पक्की पद्धत प्रत्येक दवाखान्यात असायला हवी. मी पाहिलेल्या ठिकाणी ती व्यक्तीव्यक्तीच्या धैर्यावर सोडलेली होती.

दुसरी उणीव वेळेची. संध्याकाळनंतर नगरांतील पर्याय झपाट्याने कमी होतात आणि मान्यता नसलेल्या गावांत तर जवळजवळ संपतात. दवाखाना असलाच तर तो आठवड्यातील काही दिवस, काही तास उघडा असतो. रुग्णवाहिका पत्ता नसलेल्या घरापर्यंत येऊ शकत नाही, म्हणून रोग्याला गाडीत घालून ३१ क्रमांकाच्या किंवा २५ क्रमांकाच्या महामार्गाच्या फाट्यावर आणून उभे राहावे लागते. संपूर्ण नेगेवसाठी सर्व विशेषोपचार असलेले मोठे रुग्णालय म्हणजे १९५९ मध्ये सुरू झालेले सोरोका, आणि तेही जून २०२५ मध्ये इराणी क्षेपणास्त्राच्या माऱ्यात सापडले होते. एका इमारतीवर इतका भार असणे किती धोक्याचे आहे हे त्या दिवशी वेगळे सांगावे लागले नाही.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या हातात नाही, पण सेवा घेणाऱ्याला ती सेवेचाच भाग म्हणून भोगावी लागते. इन्सुलिन थंड ठेवा, असे सांगितले जाते, आणि घरी वीज असते ती सौरपट्ट्यांची, जी हिवाळ्यातील ढगाळ दिवसांत रात्री टिकत नाही. दम्याच्या मुलाला रात्री वाफेचे यंत्र लावा, असे सांगितले जाते. जुलाब झाले तर स्वच्छ पाणी पाजा, असे सांगितले जाते, आणि पाणी उन्हात तापणाऱ्या टाकीतून येते. वादी अल-नाआम या गावाला शेजारच्या रासायनिक उद्योगांचा धूर आणि डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या उच्चदाब तारा दोन्ही मिळाल्या आहेत, पण वीज मिळालेली नाही. तिथल्या रोग्याच्या खोकल्याला डॉक्टरने काय लिहून द्यावे? मला भेटलेल्या डॉक्टरांपैकी जे सर्वांत चांगले होते ते औषधाबरोबर पत्रेही लिहीत होते: वीजजोडणीसाठी, बसच्या थांब्यासाठी, शाळेजवळच्या सांडपाण्यासाठी. सार्वजनिक आरोग्याचे नेतृत्व म्हणतात ते प्रत्यक्षात बरेचसे असल्या पत्रांचे असते, आणि त्यांची उत्तरे क्वचितच येतात.

गुण द्यायचेच झाले तर खोलीतल्या डॉक्टरला मी पाचपैकी पूर्ण पाच देईन, दवाखान्याच्या वेळांना दोन आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या यंत्रणेला जेमतेम तीन. हे तीनही गुण केवळ चाचण्या, लशी आणि औषधे खरोखरच विनाखंड पोहोचतात म्हणून आहेत.

यंत्रणेविषयी माझी मुख्य तक्रार पगारपत्रकाची आहे. निधी मोजतो ते तपासलेले रोगी. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीत घालविलेला तास, शिगमधली संध्याकाळ, शोकाच्या तंबूत बसल्या बसल्या विचारलेल्या दहा शंका, रात्री फोनवर आलेली पुरळाची छायाचित्रे, यांतील काहीच मोजले जात नाही. हे सगळे डॉक्टर करतात, कारण न करण्याची सोय त्यांना नाही. ‘आमचा मुलगा डॉक्टर झाला आणि फोन उचलीत नाही’ हे वाक्य त्यांच्या आईलाच ऐकावे लागते. त्यामुळे हुशार डॉक्टर काही वर्षांनी बीरशेवाला घर घेतात किंवा रुग्णालयातील विशेष शाखेकडे वळतात आणि गावात पुन्हा नवा चेहरा येतो. आठवड्यातील काही तास सामुदायिक कामासाठी राखून त्यांचे वेतन देणे ही फार मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. मधुमेहाच्या एका रोग्याचा पाय वाचला किंवा एक डायलिसिस टळले तरी निधीच्या हिशेबात तो खर्च भरून निघावा.

नवे डॉक्टर येणार कोठून, हाही प्रश्न सेवेच्या टिकाऊपणाचा आहे. बेन-गुरियन विद्यापीठाची आरोग्यविज्ञान शाखा १९७४ मध्ये मोशे प्रिवेस यांच्या पुढाकाराने सुरू झाली ती मुळात समाजाभिमुख डॉक्टर घडविण्यासाठी. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून रोग्यांना भेटावे आणि विद्यापीठाने प्रदेशाच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी ही तिची कल्पना होती, आणि बेदुईन विद्यार्थ्यांना तिथे आधार देणारे उपक्रमही झाले. तरीही प्रवेशपरीक्षेची भाषा, शाळांचा दर्जा आणि मोजक्या जागा यांमुळे पुष्कळ बेदुईन तरुण जॉर्डन, रुमानिया, मोल्दोव्हा अशा देशांत शिकायला गेले आणि परवाना-परीक्षा देऊन परतले. २०१९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने काही परदेशी महाविद्यालयांच्या पदव्या परवान्यासाठी ग्राह्य न धरण्याचे ठरविले. दर्जाच्या दृष्टीने त्या निर्णयाला आधार होता, आणि त्यांतील काही महाविद्यालयांविषयी माझेही मत चांगले नव्हते. परंतु त्या वाटेने येणारे डॉक्टर राहत आणि कुसेफेच्याच दवाखान्यांत बसत असत. ती वाट अरुंद केल्यावर बीरशेवातील वर्गात नेगेवच्या मुलामुलींसाठी तितक्या जागा वाढवायला हव्यात, आणि त्यांच्या निवडीत गावी परतण्याच्या इच्छेलाही प्रवेशपरीक्षेच्या गुणांइतके वजन द्यायला हवे.